स्वीडिश वाक्यरचना आणि आपलें मराठी व्याकरण

व्याकरण हा विषय विद्यार्थ्यांस रुक्ष वाटतो आणि पालकांस बहुधा निरुपयोगी वाटतो. “मराठी तर मूल घरींच बोलतें, तिचें व्याकरण शिकण्यांत वेळ कां दवडावा? त्यापेक्षां तो तास इंग्रजीला द्यावा,” असें म्हणणारे पालक आम्हांस दर वर्षीं भेटतात. त्यांची कळकळ आम्ही जाणतों. आपल्या मुलानें जगांत पुढें जावें, हीच त्यांची इच्छा असते. परंतु परभाषेच्या दाराची किल्ली पुष्कळदां आपल्याच घरच्या खुंटीस टांगलेली असते, हें दाखवावें म्हणून हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे. यासाठीं आम्ही इंग्रजी न घेतां मुद्दाम एक दूरची भाषा घेतली आहे; ती म्हणजे स्वीडन देशाची स्वीडिश. इंग्रजी सवयीची झाल्यामुळें तिच्यांतील विशेष आपल्या नजरेंत भरेनासे झाले आहेत. स्वीडिश आपणांस अगदीं नवी असल्यामुळें तिचे नियम स्वच्छ दिसतील, आणि त्यांच्या शेजारीं आपल्या मराठीचेही नियम दिसूं लागतील.

ही भाषा पावणेकरांस वाटते तितकी परकी नाहीं. आपल्या गांवावरून जाणाऱ्या ठाणें-बेलापूर रस्त्यानें दक्षिणेस गेलें कीं तुर्भें लागतें. तेथें १८ डिसेंबर २०२० रोजीं आयकिया या स्वीडिश कंपनीचें भव्य दुकान उघडलें. ही कंपनी १९४३ सालीं इंगवार काम्प्राद यांनीं स्थापिली. त्यांच्या नांवाचीं दोन अक्षरें, एल्मतारिद या त्यांच्या वाडीचें एक व आगुन्नारिद या गांवाचें एक, अशीं चार आद्याक्षरें मिळून तिचें नांव झालें आहे. तेथील वस्तूंचीं नांवें बहुतेक स्वीडिश असतात. निळ्या मोठ्या पिशवीचें नांव ‘फ्राक्ता’, म्हणजे वाहून नेणें. एका आरामखुर्चीचें नांव ‘पोएंग’, म्हणजे गुण. परीक्षेंत मिळतात ते. एका छोट्या मेजाचें नांव ‘लाक’. हा शब्द तर मुळांत आपलाच आहे. संस्कृत ‘लाक्षा’, आपली ‘लाख’, ही फारसी व अरबी भाषांतून युरोपांत गेली, तेथें रोगणाचें नांव झाली, आणि आतां मेजावर बसून तुर्भ्यास परत आली.

याच्याही पूर्वींचा संबंध सांगतां येईल. १९२३ सालीं स्वीडिश भांडवलावर वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी स्थापन झाली, आणि आपल्याच ठाणें जिल्ह्यांत अंबरनाथ येथें तिचा आगकाड्यांचा कारखाना पुष्कळ वर्षें चालला. पुढें पुण्याजवळ दापोडी व चिंचवड येथें आल्फा लाव्हाल, एस. के. एफ. इत्यादि स्वीडिश कंपन्यांचे कारखाने उभे राहिले. आज कितीतरी मराठी अभियंते सहकुटुंब स्वीडनमध्यें राहतात, आणि तेथें गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो भाषेचा.

स्वीडिश बोलणारे लोक सुमारें एक कोटि आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणें मराठी मातृभाषा असलेले लोक ८ कोटि ३० लक्ष होते, हें मुद्दाम लक्षांत ठेवावें. स्वीडिश लिहिण्यास रोमन लिपि वापरतात, व इंग्रजी वर्णमालेच्या शेवटीं आणखी तीन स्वर जोडतात. येथें सर्व वाक्यें नागरींत दिलीं आहेत. उच्चार जवळपासचे आहेत, इतकेंच समजावें.

१७८६ सालीं कलकत्त्यास सर विल्यम जोन्स यांनीं संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात असें प्रतिपादिलें. स्वीडिश ही त्याच कुळांतील जर्मानिक शाखेची भाषा आहे. म्हणून तिच्यांत आपल्या ओळखीचे चेहरे दिसतात. नाम म्हणजे ‘नाम्न’, दन्त म्हणजे ‘तांद’, मूषक म्हणजे ‘मूस’, गाय म्हणजे ‘कू’, दुहिता म्हणजे ‘दोत्तेर’, तीन म्हणजे ‘त्रे’, आणि आठ म्हणजे ‘ओत्ता’. शब्द असे नात्यांतले असले, तरी वाक्यांत त्यांस बसविण्याची रीत मात्र निराळी आहे. तीच आतां पाहूं.

सर्वांत साधें वाक्य घेऊं:

याग द्रिक्केर म्योल्क.

‘याग’ म्हणजे मी, ‘द्रिक्केर’ म्हणजे पितों, ‘म्योल्क’ म्हणजे दूध. शब्दशः मांडणी ‘मी – पितों – दूध’ अशी आहे. येथपर्यंत तें इंग्रजीसारखेंच वाटेल. आतां याच्या आरंभीं ‘इदाग’, म्हणजे आज, हा शब्द घालूं:

इदाग द्रिक्केर याग म्योल्क.

शब्दशः ‘आज – पितों – मी – दूध’. पाहा, ‘आज’ पुढें येतांच ‘मी’ मागें गेला. ‘पितों’ मात्र जागचा हालला नाहीं. इंग्रजींत ‘टुडे आय ड्रिंक मिल्क’ असेंच म्हणतात. तेथें कर्ता क्रियापदाच्या आधींच राहतो. आतां दुधावरच भर द्यावयाचा आहे असें समजा:

म्योल्क द्रिक्केर याग इंते.

‘इंते’ म्हणजे नाहीं. ‘दूध – पितों – मी – नाहीं’, म्हणजे दूध मी पीत नाहीं. पुनः क्रियापद दुसऱ्याच जागीं आहे.

यावरून नियम निघतो तो असा. एखाद्या वर्गांत दुसरें आसन एकाच विद्यार्थ्यास कायमचें दिलेलें आहे अशी कल्पना करा. पहिल्या आसनावर आज कोणी बसेल, उद्यां कोणी बसेल. कर्ता बसेल, कर्म बसेल, काळ बसेल, स्थळ बसेल. कर्त्याचें आसन दुसऱ्यानें घेतलें, तर कर्ता निमूटपणें तिसऱ्यावर जाऊन बसतो. परंतु दुसऱ्या आसनावर क्रियापदावांचून कोणी बसावयाचें नाहीं. हा स्वीडिश विधानवाक्याचा पाया होय.

मात्र येथें शब्द मोजावयाचे नसून वाक्याचे घटक मोजावयाचे असतात, हें विसरूं नये. ‘पावण्यांत आज पाऊस पडत आहे’ हें स्वीडिशमध्यें असें होईल:

इ पावणे रेंग्नार देत इदाग.

‘इ पावणे’ हे दोन शब्द आहेत, परंतु दोन्ही मिळून ‘पावण्यांत’ हा एकच घटक होतो. म्हणून त्यांचें आसन एकच. फार काय, अख्खें उपवाक्यही पहिल्या आसनावर बसूं शकतें:

ओम देत रेंग्नार, स्तान्नार याग हेम्मा.

अर्थ असा कीं, पाऊस पडला तर मी घरीं राहीन. ‘ओम देत रेंग्नार’ म्हणजे ‘पाऊस पडला तर’. तें सगळें एक घटक. आणि त्याच्या लगेच मागून ‘स्तान्नार’, म्हणजे राहतों, हें मुख्य क्रियापद आपल्या दुसऱ्या आसनावर आलें आहे. ज्यास हें एक वाक्य नीट उमगलें, त्यास स्वीडिश वाक्यरचनेचा अर्धा मार्ग चालून झाला असें समजावें.

प्रश्न विचारतांना काय होतें? ‘तूं कोठें राहतोस?’ यास ‘वार बूर दू?’ म्हणतात, ‘कोठें – राहतोस – तूं’. प्रश्नार्थक शब्दानें पहिलें आसन घेतलें, क्रियापद दुसऱ्यावरच राहिलें. परंतु उत्तर केवळ होय किंवा नाहीं असें हवें असेल, तर पहिलें आसन रिकामें ठेवून क्रियापदानेंच वाक्य सुरू करितात: ‘द्रिक्केर दू म्योल्क?’ म्हणजे तूं दूध पितोस का? आपण वाक्य तसेंच ठेवून शेवटीं ‘का’ जोडतों. स्वीडिश मनुष्य ‘का’ जोडत नाहीं. तो आसन बदलतो.

मराठींत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटीं येतें. बाकीचे शब्द मात्र बरेच मोकळे फिरतात. ‘शिक्षक मुलाला बोलावतात’ म्हणा किंवा ‘मुलाला शिक्षक बोलावतात’ म्हणा. बोलावणारे शिक्षकच राहतात. ही मोकळीक कोठून आली? ती ‘मुलाला’ यांतील ‘ला’ या प्रत्ययानें दिली. शब्द कोठेंही गेला, तरी त्याच्या खांद्यावर विभक्तीचा बिल्ला असतो. म्हणून तो हरवत नाहीं. स्वीडिश नामास असा बिल्ला नाहीं. ‘आन्ना सेर लार्स’ म्हणजे सामान्यतः आन्ना लार्सला पाहते. ‘लार्स सेर आन्ना’ म्हणजे लार्स आन्नाला पाहतो. कोण पाहतें आणि कोणाला, हें तेथें बहुधा जागेवरून कळतें. म्हणजे जें काम आपल्याकडे प्रत्यय करितो, तें तेथें स्थान करितें. आपल्या मुलास विभक्तीचें काम समजलेलें नसेल, तर परभाषेंतील जागेचें महत्त्व त्यास कसें समजावें?

हीच गोष्ट क्रियापदाची. ‘द्रिक्केर’ हें रूप मी, तूं, तो, ती, आम्ही, तुम्ही, ते या सर्वांस एकच. आपल्याकडे मात्र पितों, पितें, पितोस, पितेस, पितो, पिते, पितां, पितात अशी रांग लागते. स्वीडिशमध्येंही पूर्वीं लेखी भाषेंत अनेकवचनाचीं वेगळीं रूपें होतीं; तीं हळूहळू गळत गेलीं, आणि तेथील मुख्य वृत्तसंस्थेनें १९४५ सालीं तीं लिहिण्याचें सोडून दिलें. याचा परिणाम पाहा. मराठींत ‘दूध पितोस का?’ एवढें पुरतें. ‘तूं’ न उच्चारतांही ‘ओस’ या शेवटांत तो ऐकूं येतो. स्वीडिश क्रियापदांत कर्ता ऐकूं येत नाहीं, म्हणून तो वेगळा सांगावाच लागतो. हा नियम इतका कडक आहे कीं, जेथें खरा कर्ता नाहीं तेथेंही एक नांवाचा कर्ता आणून बसवितात. वर ‘इ पावणे रेंग्नार देत’ यांत ‘देत’ आला आहे तो हाच. त्यास अर्थ कांहीं नाहीं; कर्त्याचें आसन रितें राहूं नये एवढ्यासाठींच तो आहे. इंग्रजीच्या ‘इट इज रेनिंग’ मधील ‘इट’ कशासाठीं, हें ज्या विद्यार्थ्यांस आजवर कोडें वाटत होतें, त्यांस तेंही आतां सुटेल.

येथवर भेद सांगितले. आतां साम्यें सांगतों. आणि तीं अशीं आहेत कीं, तेथें इंग्रजी एकीकडे राहून मराठी व स्वीडिश हातांत हात घालून चालतात.

पहिलें साम्य नकाराचें. ‘याग कोम्मेर इंते’ म्हणजे मी येत नाहीं. येथें नकार क्रियापदाच्या नंतर आहे. परंतु ‘मी न आल्यास’ असें म्हणावयाचें झालें, तर ‘ओम याग इंते कोम्मेर’ म्हणतात. उपवाक्यांत शिरतांच ‘इंते’ क्रियापदाच्या आधीं आला. परदेशांतून तेथें गेलेल्या विद्यार्थ्यांस हा नियम मोठ्या कष्टानें पाठ करावा लागतो. परंतु आपल्या मुखांत तो आहेच. ‘मी येत नाहीं’ यांत नकार शेवटीं. ‘मी न आल्यास’ यांत नकार आधीं. आपण हें रोज बोलतों, पण त्याकडे कधीं पाहिलेलें नसतें.

दुसरें साम्य होकाराचें. ‘तूं येणार नाहींस का?’ असें कोणी विचारलें आणि आपणांस जावयाचें आहे, तर आपण नुसतें ‘हो’ म्हणत नाहीं. कारण ‘हो’चा अर्थ ‘येणार नाहीं’ असाही होईल. आपण म्हणतों, ‘येणार कीं!’ स्वीडिशमध्यें साध्या होकारास ‘या’ आहे; पण नकारार्थी प्रश्न खोडून होकार द्यावयाचा, तर ‘यू’ असा स्वतंत्र शब्द आहे. जेथें आपला ‘कीं’ येतो, तेथें त्यांचा ‘यू’.

तिसरें साम्य अधिक महत्त्वाचें आहे. पुढील दोन वाक्यें पाहा:

हान तार सिन वेस्का.
हान तार हान्स वेस्का.

पहिल्याचा अर्थ, तो आपली पिशवी घेतो. दुसऱ्याचा अर्थ, तो त्याची, म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी, पिशवी घेतो. पहिला सरळ मनुष्य आहे. दुसऱ्यावर नजर ठेवणें बरें. इंग्रजींत दोहोंसही ‘हिज बॅग’ असेंच म्हणतात, आणि पिशवी कोणाची तें ऐकणाऱ्यानें संदर्भानें जाणावें लागतें. ‘सिन’ व ‘हान्स’ यांतील भेद इंग्रज विद्यार्थ्यास अवघड जातो. मराठी मुलास ‘सिन म्हणजे आपला, हान्स म्हणजे त्याचा’ असें एकदां सांगितलें कीं पुरे. परंतु यासाठीं ‘आपला’ आणि ‘त्याचा’ यांतील भेद त्या मुलानें मराठींत डोळसपणें पाहिलेला असला पाहिजे. अलीकडे कित्येक मुलें ‘मी माझी पुस्तकें घेतों, तो त्याचीं पुस्तकें घेतो’ असें इंग्रजी वळणानें लिहूं लागलीं आहेत. त्यांच्या हातून इंग्रजीही सुधारत नाहीं, आणि घरची ही सोयही नाहींशी होते.

चौथें साम्य नात्यांचें. इंग्रजींत काका आणि मामा दोघेही ‘अंकल’, आत्या आणि मावशी दोघीही ‘आंटी’. स्वीडिशमध्यें तसें नाहीं. ‘फार’ म्हणजे बाप, ‘मूर’ म्हणजे आई, ‘ब्रूर’ म्हणजे भाऊ. म्हणून काका तो ‘फारब्रूर’ आणि मामा तो ‘मूरब्रूर’. बहिणीस ‘सिस्तेर’ म्हणतात. तिचा संक्षेप होऊन आत्या ती ‘फास्तेर’ आणि मावशी ती ‘मूस्तेर’. आजीच्या बाबतींत तर ते आपल्याही पुढें गेले आहेत. बापाची आई ‘फारमूर’, आईची आई ‘मूरमूर’. संस्कृतांत पितामही व मातामही आहेत तशाच. हे सर्व शब्द षष्ठी तत्पुरुष समास आहेत, हें आठवीच्या विद्यार्थ्यानें लगेच ओळखावें.

समासाची ही हौस स्वीडिशमध्यें फार मोठी आहे, आणि तींत शब्द जोडून लिहिणें अत्यावश्यक असतें. ‘रोक’ म्हणजे धूर, ‘फ्रित्त’ म्हणजे मुक्त. ‘रोकफ्रित्त’ असें जोडून लिहिलें, तर ‘येथें धूम्रपान नाहीं’ असा अर्थ. तेंच तोडून ‘रोक फ्रित्त’ असें लिहिलें, तर ‘खुशाल धूम्रपान करा’ असा अर्थ होतो! एका रिकाम्या जागेनें आज्ञा उलटी होते. सामासिक शब्द जोडून लिहा असें भाषेचे शिक्षक वारंवार सांगतात, तें केवळ टापटिपीसाठीं नव्हे.

लिंगाचीही गोष्ट अशीच. मराठींत तो, ती, तें अशीं तीन लिंगें आहेत. जुन्या स्वीडिशमध्यें तीनच होतीं. पुढें नामांचीं पुल्लिंग व स्त्रीलिंग हीं एक झालीं, आणि आतां ‘एन’ व ‘एत्त’ असे दोन वर्ग राहिले आहेत. ‘एन बूक’ म्हणजे एक पुस्तक, ‘एत्त हूस’ म्हणजे एक घर. गंमत अशी कीं, ‘तें पुस्तक’ असें ठराविक पुस्तकाविषयीं बोलतांना हाच शब्द उडी मारून मागें जातो व प्रत्यय होतो: ‘बूकेन’, ‘हूसेत’. इंग्रजीचा ‘धि’ शब्दाच्या पुढें चालतो. स्वीडिशचा शेपटासारखा मागून येतो. शब्दाच्या मागें प्रत्यय लावून अर्थ बदलणें आपणांस नवें नाहीं. घर, घरांत, घरास, घराचें हें आपण रोजच करितों. ‘मोठा वाडा, मोठी शाळा, मोठें घर’ असें विशेषणही आपण नामाप्रमाणें बदलतों. तेही ‘स्तूर बूक’ परंतु ‘स्तूर्त हूस’ म्हणतात. इंग्रजींतील ‘बिग’ कधींच बदलत नाहीं.

आतां घड्याळाकडे वळूं. आपल्या गांवाचें नांव घेतलें कीं घड्याळांतील ‘पावणे’ आठवते, म्हणून त्याचा विचार केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. पावणेआठ यास स्वीडिशमध्यें ‘क्वार्त इ ओत्ता’ म्हणतात आणि सव्वाआठ यास ‘क्वार्त ओवेर ओत्ता’. येथें अडचण नाहीं. परंतु ‘हाल्व ओत्ता’, शब्दशः ‘अर्धे आठ’, हें ऐकून कोणी साडेआठ समजेल तर त्याची गाडी एक तास आधींच निघून गेलेली असेल. ‘हाल्व ओत्ता’ म्हणजे साडेसात. आठवा तास अर्धा झाला असा त्याचा अर्थ. हा हिशेब विचित्र वाटेल. परंतु आपण ‘अडीच’ म्हणतों तो शब्द ‘अर्धतृतीय’ या संस्कृत शब्दापासून आला आहे. अर्धतृतीय म्हणजे तिसरें अर्धें. स्वीडिश मनुष्य अडीच वाजले असतां ‘हाल्व त्रे’ म्हणतो, म्हणजे अर्धे तीन. दोघांचा हिशेब एकच आहे. आपल्या नित्याच्या एका शब्दांत ही जुनी रीत जपून राहिली आहे, आणि शब्दाची व्युत्पत्ति ठाऊक असेल त्यास स्वीडनचें घड्याळ फसवूं शकत नाहीं.

शेवटीं संबोधनाविषयीं थोडें. आपणांकडे तूं, तुम्ही व आपण अशा पायऱ्या आहेत. स्वीडनमध्यें पूर्वीं याहून कडक शिष्टाचार होता. मोठ्या माणसास सर्वनामानें न बोलावतां त्याच्या पदवीनें तृतीय पुरुषीं बोलत: ‘विल दोक्तोर्न हा काफ्फे?’ म्हणजे ‘डॉक्टरसाहेब कॉफी घेणार का?’ आपल्या घरींही पाहुण्यांस असेंच विचारतात. १९६७ सालीं तेथील आरोग्य-प्रशासनाचे प्रमुख ब्रूर रेक्सेद यांनीं आपण यापुढें सर्व सहकाऱ्यांस ‘दू’, म्हणजे तूं, असेंच म्हणूं असें जाहीर केलें. आधींच सुरू झालेल्या या प्रवाहास त्यामुळें जोर मिळाला, आणि थोड्याच वर्षांत सर्व देश एकमेकांस ‘दू’ म्हणूं लागला. आज तेथें विद्यार्थी शिक्षकांसही ‘दू’ म्हणतात व त्यांस पहिल्या नांवानें हांक मारितात. त्यांत अनादर नाहीं. परंतु तेंच वाक्य शब्दशः मराठींत आणून आपल्या गुरुजींस ‘तूं’ म्हटल्यास तो अनादरच होईल. यावरून एक मोठी गोष्ट शिकावयाची आहे. शब्दास शब्द ठेवून भाषांतर होत नाहीं. तें वाक्य त्या समाजांत कोणतें काम करितें, हें पाहावें लागतें.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे येऊं. मराठी व्याकरण शिकण्याचा उपयोग काय? आपल्या भाषेचे नियम आपण पाळतों, पण ते आपणांस दिसत नाहींत. परक्याला मात्र ते एकेक करून विचारावे लागतात. १८०५ सालीं विल्यम कॅरे यांचें मराठी व्याकरण श्रीरामपूर येथें छापलें गेलें, आणि १८३६ सालीं दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें प्रसिद्ध व्याकरण निघालें. पहिल्यानें परकी मनुष्य मराठी शिकला. दुसऱ्यानें मराठी मनुष्यानें आपल्याच भाषेकडे शिकणाऱ्याच्या डोळ्यांनीं पाहिलें. ही दृष्टि ज्यास आली, त्यास कोणतीही भाषा नव्यानें शिकतांना विचारावयाचे प्रश्न ठाऊक असतात: क्रियापद कोठें बसतें? कर्ता कशानें ओळखावा? नकार कोठें ठेवावा? ‘आपला’ व ‘त्याचा’ वेगळे आहेत काय?

ज्या देशाची भाषा आपण आज पाहिली, त्या देशाचेंही धोरण पालकांनीं लक्षांत घ्यावें. १९६५ पासून तेथें परदेशांतून आलेल्या प्रौढ मनुष्यांस सरकारी खर्चानें स्वीडिश शिकविण्याची व्यवस्था आहे. आणि १९७७ च्या सुधारणेपासून त्यांच्या मुलांस शाळेंत त्यांची मातृभाषाही शिकवितात. एका भाषेचे निदान पांच विद्यार्थी व योग्य शिक्षक मिळाला, म्हणजे नगरपालिकेनें तशी सोय करावी असा दंडक आहे. मुलास स्वीडिश लवकर यावी म्हणून त्याची मातृभाषा काढून घ्यावी, असें त्यांस वाटत नाहीं. जी गोष्ट स्टॉकहोममध्यें मराठी मुलासाठीं योग्य ठरते, ती पावण्यांत अयोग्य कशी ठरेल?

म्हणून विद्यार्थ्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे. येत्या सुट्टींत घरांत रोज बोललीं जाणारीं दहा वाक्यें वहींत उतरून घ्या. प्रत्येकांतील क्रियापदाखालीं रेघ मारा. मग एकेक शब्द उचलून दुसरीकडे ठेवून पाहा. अर्थ बदलला कीं नाहीं, आणि बदलला नसेल तर तो कोणत्या प्रत्ययानें सांभाळला, हें शोधा. तीं दहा वाक्यें आईवडिलांस वाचून दाखवा व त्यांनाही विचारा. उत्तर घरांतच सांपडेल. तेवढा अभ्यास झाल्यावर इंग्रजी असो, स्वीडिश असो, वा आणखी कोणती भाषा असो, तिचें पहिलें वाक्य तुम्हांस अपरिचित वाटणार नाहीं.